एक घंटी म्हणजे खुशाल

घडी होणाऱ्या फोनची बातमी मी आईला वाचून दाखवली, तेव्हा ती अंगणात सूप घेऊन तूर पाखडत होती. बातमीत लिहिलं होतं की हा फोन दोन लाख वेळा उघडला-मिटला तरी त्याला काही होत नाही. आईने सूप थांबवलं नाही.

"घडी करून ठेवाले थो काय लुगडं हाये?"

"खिशात मावतो म्हणे."

"पह्यलेचाबी खिशातच मावत होता न? त्यायनंच मोठा केला, आता त्यायनंच मोडून छोटा केला. अन् तू छापून राह्यली."

मी छापत होते हे खरं आहे. वाशीमहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात तंत्रज्ञानाचं अर्धं पान माझ्याकडे आहे. संपादकांनी ते मला दिलं कारण मला इंग्रजी येतं आणि माझ्या घरी नेट चालतं. आमच्या मेडशीत पावसाचे दिवस सोडले तर ते खरोखर चालतं. कंपन्यांची पत्रकं त्यांच्या मेलवर येतात, ती ते माझ्याकडे ढकलतात आणि मी त्यांचं मराठी करते. निदान माझ्याकडून तेवढीच अपेक्षा आहे. मी दर आठवड्याला त्यात स्वतःच्या चार ओळी घुसवते, दर आठवड्याला त्यातल्या तीन कापल्या जातात, आणि उरलेल्या एका ओळीसाठी मी पुढचा आठवडा भांडते.

डब्यातून चार्जर काढून टाकला, पर्यावरणासाठी, अशी बातमी आली होती. त्याच पत्रकात खाली तो चार्जर वेगळा किती रुपयांना मिळेल तेही होतं. पर्यावरणाची काळजी दुसऱ्या परिच्छेदापर्यंतही टिकली नव्हती. मी तसं लिहिलं, तर संपादक म्हणाले, "अगं, मोबाईलवाले आपल्याला जाहिरात देतात." मनगटावरचं घड्याळ दिवसाची पावलं मोजणार, अशी एक बातमी होती. सोयाबीन सोंगायला आलेल्या बायांच्या हातावर ते बांधलं तर दुपारपर्यंत बिचारं थकून बंद पडेल, असं मी लिहिलं. कापलं गेलं. फ्रिज स्वतःच सांगणार की दूध संपलं. आमच्याकडे ते म्हैस सांगते, हे मात्र राहिलं, कारण फ्रिजवाल्यांची जाहिरात आमच्याकडे नाही.

माझा राग बाबांकडून आला आहे. मी वाचायला शिकले ती त्यांनी छापलेल्या मागण्यांच्या पत्रकांवर. एसटीचा थांबा हवा म्हणून पिवळी, शाळेला छप्पर हवं म्हणून गुलाबी, पाण्याच्या टाकीसाठी हिरवी. बाबा शेलूबाजारच्या बाजारात ती वाटायचे आणि उरलेल्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवायची. 'नम्र विनंती' हे शब्द मी लिहिले की ते खोडायचे. "विनंती देवाले. इथं मागणी लिही." आणि त्यांचा एक नियम होता: कोणतंही पत्रक हाती आलं की आधी तळाला छापणाऱ्याचं नाव पाहायचं. ज्याला नाव नाही ते चुलीत. ज्याला नाव आहे ते वाचायचं, पण ते नाव ध्यानात ठेवून.

हा नियम मला पाठ होता. म्हणूनच पुढे जे झालं त्याची मला जास्त लाज वाटते.

मागच्या उन्हाळ्यात आईचा बटनांचा फोन गेला. पाचाचं बटन आधीच बसलेलं होतं, मग नऊचंही बसलं. बाबा आणि मी शेलूबाजारला जाऊन तिच्यासाठी टचचा फोन आणला. त्याच आठवड्यात माझ्याकडे एक पत्रक आलं होतं. फोनमध्ये आता 'कवच' येणार. अनोळखी नंबरवरून एकच रिंग वाजवून कट होणारे फोन म्हणजे फसवणुकीचं जाळं. माणूस परत फोन करतो आणि फसतो. कवच असले कॉल आपोआप गप्प करेल. तुम्हाला त्रास नाही, आवाज नाही, सूचना नाही.

इतकी पत्रकं वाचली, त्यात मला हे एकच कामाचं वाटलं. आईला आधी एकदा फोन आला होता, वीज कापतो म्हणून. ती दोन दिवस घाबरून होती. वाटलं, चला, घडीच्या फोनपेक्षा काहीतरी गरिबाच्या उपयोगाचं निघालं. मी एक ओळही न घुसवता ते जसंच्या तसं मराठीत केलं. मथळा दिला, 'एक रिंग? सावधान!' संपादक खूश झाले. आणि त्याच संध्याकाळी मी आईच्या फोनमध्ये ते कवच चालू करून टाकलं.

तळाचं नाव पाहिलं होतं मी. कंपनीचंच होतं. त्यांना आमच्या घरातली एक रिंग कशी माहीत असणार?

ती रिंग काय होती ते सांगते.

आईची धाकटी बहीण, माझी मावशी, कारंज्याच्या पलीकडे एका खेड्यात असते. दोघींना फोन आले तेव्हा बोलायला पैसे पडत आणि घंटीला पडत नसत. तेव्हापासून त्यांचं ठरलेलं: सकाळी चहा झाला की मावशी एक घंटी मारून कट करणार. एक घंटी म्हणजे खुशाल. आईनेही एक घंटी परत मारायची: मीबी खुशाल. दोन घंट्या म्हणजे वेळ मिळाला की फोन कर. तीन म्हणजे असशील तशी निघ. आधी मावशीची घंटी, मग आईची, कारण मोठीची खुशाली आधी धाकटीने विचारायची, हा त्या घरातला रिवाज. आई कधीच आधी घंटी मारत नसे. पुढे बोलणं फुकट झालं, तरी घंटी सुटली नाही. मी एकदा विचारलं होतं, आता फुकट आहे तर बोलत का नाही?

"बोललं का भांडन होते," आई म्हणाली. "घंटीत भांडन होत नाही."

आणि मावशीचा नंबर आईच्या फोनमध्ये कधीच नावाने नव्हता. ती नंबरच्या शेवटून ओळखायची. 'दोन सत्ते' म्हणजे मावशी. नवा फोन आणला तेव्हा मी म्हटलं होतं, सगळ्यांची नावं टाकून देते. आईने तिघाचौघांची टाकू दिली, मावशीची नाही.

"तिचं नाव कायले टाकतं? मले माहीत नाही का थे कोन हाये?"

तिला माहीत होतं. फोनला नव्हतं. फोनसाठी ती एक अनोळखी बाई होती, जी रोज सकाळी एक रिंग मारून कट करते. म्हणजे पत्रकात लिहिलेला चोर, अगदी हुबेहूब.

पहिल्या दिवशी घंटी आली नाही तेव्हा आई म्हणाली, रेंज नसेल. दुसऱ्या दिवशी म्हणाली, कामात असेल. तिसऱ्या दिवशी तिने फोन चुलीजवळच्या कोनाड्यात उभा करून ठेवला आणि त्याच्याकडे पाहत भाकरी थापल्या. चौथ्या दिवशी तिला कारण सापडलं.

"रोडग्याचं लागलं तिले."

आदल्या महिन्यात मावशीकडे रोडगे होते. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी, सगळी भावकी जेवायला. आई सगळ्यांसमोर म्हणाली होती, "काय व, हे रोडगे हायेत का गोफनीचे गोटे?" सगळे हसले होते, मावशीही हसली होती. पण आईच्या मते ते हसू वरवरचं होतं.

"मग तू फोन कर ना," मी म्हटलं.

"मी काहून करू? मोठी मी हाये. तिनं आधी घंटी माराव."

"आई, रोडग्यांवरून कोणी बोलणं सोडतं का?"

"तुले नाही माहीत थे. लहानपनी एका बोरीच्या झाडावरून आठ दिवस बोलली नोती."

मी हसले. त्या आठवड्यात माझ्या पानावर चंद्राचा फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याची बातमी होती आणि मी तिच्यावर चांगलंच तोंडसुख घेणार होते. आई दोन वेळा माझ्यासमोर फोन घेऊन आली. "पाह्य बरं, याची घंटी बिघडली का?" मी माझ्या फोनवरून तिला लावून पाहिला. वाजला. माझं नाव त्यात होतं ना. "चांगला आहे," मी म्हटलं आणि परत चंद्राकडे वळले. आईचा चेहरा पडला. फोन चांगला आहे म्हणजे बहीण वाईट, एवढाच अर्थ त्यातून निघत होता, आणि तो मी दोनदा सांगितला.

मग एका दुपारी बाबांना मावशीच्या मालकांचा, म्हणजे काकांचा, फोन आला. काका कमी बोलतात. मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं, कारंज्याला. बरी आहे. बाईला, म्हणजे आईला, सांगा, आली नाही तर नाही, काही वाटून घेऊ नका.

बाबांनी फोन आईच्या हातात दिला.

"मले कोनी सांगतलं?" आई ओरडलीच. "मले कोनी सांगतलं ऑपरेशनचं?"

"दोन घंट्या मारल्या तिनं," पलीकडून काका म्हणाले. "मंग त्या दिवशी तीन. म्या म्हनलं, मी लावतो भाऊजीले. तं नाही म्हने. बाईले माही घंटी ऐकू जाते, येईन थे. आतमंधी नेईपावतर दाराकडंच पाहत होती."

आईने फोन खाली ठेवला. मी तिचा फोन उघडला. कवचाची यादी शोधायला मला थोडा वेळ लागला, कारण ती तीन पायऱ्या आत दडवलेली होती. 'गप्प केलेले कॉल'. आत एकच नंबर. शेवटी दोन सत्ते. खालपासून वरपर्यंत, रोज सकाळी, एकही दिवस न चुकवता. एका दिवशी दोन, लागोपाठ. एका दिवशी तीन.

प्रत्येकापुढे लाल अक्षरांत लिहिलं होतं: संशयित.

बाबा माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"पत्रक कोनाचं होतं हे?" त्यांनी विचारलं.

"माझंच," मी म्हणाले. "मीच छापलं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही दोघी निघालो. मालेगावला गाडी बदलली, शेलूबाजारला ती अर्धा तास उभी राहिली.  वाटेत आईने एकदाच विचारलं, "लाल अक्षरात काय लिव्हलं व्हतं?" मी सांगितलं. "म्हंजे?" मी म्हटलं, ज्याच्यावर शंका आहे तो. आई खिडकीबाहेर पाहू लागली. मी मात्र डोक्यात त्या कंपनीला पत्र लिहीत होते. विनंती नाही, मागणी. तुमच्या देशात एक रिंग म्हणजे काय ते तुम्ही ठरवा, आमच्याकडे ठरवताना आम्हाला विचारा. चार परिच्छेद झाले आणि पाचव्यात आल्यावर माझ्या लक्षात आलं की आईला तरी कुठे विचारलं होतं? ते बटन कंपनीने दाबलं नव्हतं. मी दाबलं होतं.

मावशी ओसरीत खाटेवर बसली होती. डोळ्यांवर काळा मोठा चष्मा. आमची चाहूल लागली तशी तिने मान दुसरीकडे फिरवली.

"कोन हाये?"

"मी हाये व," आई म्हणाली.

"कोन मी? माह्या रोडग्याले गोटे म्हनते थे का?"

"बाप्पा, मले घंटीच आली नाही तुही! फोनानं दाबून ठेवली."

"फोन कायले दाबंल? फोनाले माहं काय वाकडं? तुले मारायची नोती म्हून नाही मारली."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी फोन काढून यादी उघडली आणि मावशीच्या पुढ्यात धरली. "हे पाहा मावशी, सगळ्या इथं आहेत."

"मले पाहाची मनाई हाये," मावशी म्हणाली. "डॉक्टरनं सांगतलं, फोनाकडं पाहाचं नाही."

पुरावा हातात होता आणि जिला दाखवायचा तिला पाहायची मनाई. इतकी हतबल मी संपादकांपुढेही कधी झाले नव्हते. मग मी एकच करू शकत होते. खाटेच्या पायथ्याशी बसले आणि यादी मोठ्याने वाचायला लागले. खालून वर. वार, वेळ, एक घंटी. वार, वेळ, एक घंटी.

पहिल्या तीन-चार मावशीने तोंड फिरवूनच ऐकल्या. पाचवीला म्हणाली, "सोमवार? त्या दिवशी गाय व्याली. घंटी मारून मी गोठ्यात गेली."

"काय झालं?" आईने विचारलं.

"गोऱ्हा."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"एका घंटीत गोऱ्हा सांगता येते का?"

मी वाचत राहिले. बुधवारी घंटीला उशीर झाला होता, कारण तिचा चार्जर सुनेने माहेरी नेला होता. पुढच्या शुक्रवारी तिने एकदा मारून पुन्हा मारली, पहिली आईला ऐकू गेली नसेल म्हणून. पण दोन झाल्या तर अर्थ बदलेल म्हणून दुसरी वाजण्याआधीच कापली. यादीत ती नव्हती. कवचालासुद्धा ती घंटी कळली नव्हती. मग त्या दोन आल्या.

"हे डॉक्टरनं तारीख देल्ली त्या दिवशीच्या," मावशी म्हणाली.

आई खाटेच्या कडेला टेकली.

मग तीन. मी वेळ वाचली: सकाळी आठ वाजून दहा, आठ वाजून अकरा, पुन्हा आठ वाजून अकरा. 

"गाडीत बसताना मारल्या," मावशी म्हणाली. "मले वाटलं, मेडशीहून दुपारपावतर येशीन तू. थे नर्स म्हने, आजी, दाराकडं नका पाहू, डोळ्यात थेंब टाकाचा हाये."

आईने चष्म्याच्या बाजूने तिचा गाल पुसला. "थंडा हात लावू नको," मावशी म्हणाली, आणि आईने हात तसाच ठेवला.

मी फोन खाली ठेवला. म्हणाले, "मावशी, चूक माझी आहे. ते मी चालू केलं होतं. मी पेपरातही लिहिलं होतं की एक घंटी मारणारा चोर असतो."

दोघींनी माझ्याकडे तोंड वळवलं. एकीचे डोळे उघडे, एकीचे चष्म्याआड, पण नजर सारखीच होती.

"पोट्टे," मावशी म्हणाली, "तुह्या बापानं तुले एवढं शिकवलं कायले?"



मी तिथेच बसून मावशीचं नाव आईच्या फोनमध्ये टाकलं, कवच बंद केलं आणि म्हटलं, आता उद्यापासून घंटी बरोबर वाजेल. मावशीने मान हलवली. "नाही मारत आता. कोन्ता फोन कवा गिळंल, काय सांगाव? मी इकडून मारून राह्यली अन् तिकडं लाल अक्षरं. माह्या घंटीचा भरोसा गेला." मी बरंच समजावलं. बटन बंद झालं, आता काही होणार नाही, मी खात्री देते. पण मी देत असलेल्या खात्रीकडे दोघी ज्या तऱ्हेने पाहत होत्या, तिच्यापुढे माझं मलाच ते पत्रकासारखं वाटायला लागलं.

जेवताना कळलं की दुसऱ्या डोळ्याला अजून एक महिना आहे.

"मंग मी म्हयनाभर राह्यते," आई म्हणाली.

"अन् भाऊजीची भाकर?"

"त्यायले येते थापता. पत्रकावानी पातळ होतात, पन होतात."

दुपारच्या गाडीला मी एकटी निघाले. आईने तिचा फोन माझ्या पिशवीत टाकला. मी परत काढून देत म्हटलं, "अगं, तुझी खुशाली कशी कळेल?" तिने तो घेतला नाही. मला त्याच संध्याकाळी पान द्यायचं होतं. संपादकांनी सकाळीच आठवण केली होती: या आठवड्याचं पत्रक आलं आहे, माणूस कामात असला तर त्याच्याऐवजी फोनच घरच्यांशी बोलेल, त्याच्याच आवाजात, छान रंगवून लिही. मी त्यांना कळवलं की आधी कवचाच्या बातमीची दुरुस्ती छापा, मग हे. त्यांचं उत्तर आलं: आपण दुरुस्ती फक्त निधनाच्या बातमीची छापतो.

मी अंगणापर्यंत आले तेव्हा मावशी खाटेवरून म्हणाली, "पोचली का कळवजो."

"कसं कळवू?" मी विचारलं.

ती उत्तर द्यायला गेली आणि थांबली. तिने आईच्या दिशेने तोंड केलं.  इतक्या वर्षांत या प्रश्नाला त्या घरात एकच उत्तर होतं, आणि ते आता त्या दोघींपैकी कोणालाच द्यायचं नव्हतं.

"फोन कर," शेवटी मावशी म्हणाली. "अन् मी उचलेपर्यंत वाजू दे."